पायाचं बीपी कोणी घेतलं?

सकाळी ७:५०

रात्रपाळीच्या रेसिडेंटने घरी जाण्याआधी रात्रीचे सगळे स्कॅन माझ्याबरोबर पुन्हा बघायचे, असा आमच्या विभागाचा शिरस्ता आहे. आज तो एका स्कॅनवर अडून बसलाय. दुचाकी घसरून छातीवर पडलेले पन्नाशीचे गृहस्थ. दोन बरगड्या मोडल्यात, फुप्फुसं ठीक आहेत. “मॅडम, आर्चमधून दोनच फांद्या निघतायत. तिसरी तुटली तर नाही ना?”

असा प्रश्न पडणं चांगलं लक्षण आहे. हृदयातून निघालेली महाधमनी वर चढते, छत्रीच्या मुठीसारखी डावीकडे आणि मागे वळते आणि कण्याच्या कडेने खाली उतरते. ते वळण म्हणजे आर्च, महाधमनीची कमान. तिच्या माथ्यावरून बहुतेकांमध्ये तीन फांद्या निघतात. पहिली उजव्या हाताला आणि डोक्याच्या उजव्या बाजूला रक्त नेते, दुसरी डोक्याच्या डाव्या बाजूला आणि तिसरी डाव्या हाताला. या गृहस्थांच्या पहिल्या दोन फांद्या एकाच बुंध्यातून निघाल्यात. शंभरातल्या दहा-पंधरा लोकांची रचना अशी असते. तुटलेलं काही नाही, जन्मापासूनच ते असं आहे.

“मग लिहायचं कशाला?” त्याचा पुढचा प्रश्न.

लिहायचं, कारण उद्या यांच्या मानेच्या धमनीत स्टेंट टाकायची वेळ आली तर कॅथेटर कुठून वळवायचा हे त्या डॉक्टरला आधी माहीत असायला हवं. आजार नाही हे खरं, पण रस्ता वेगळा आहे. रिपोर्टात एक ओळ जाते.

गर्भात चौथ्या आठवड्यापासून घशाच्या दोन्ही बाजूंना धमन्यांच्या कमानी उमलतात. पुस्तकात सहा जोड्या मोजतात. पाचवी नावापुरतीच. तिसरीतून मानेच्या धमन्या होतात. चौथीची डावी बाजू टिकते आणि तिची आर्च होते, उजवी बाजू उजव्या हाताच्या धमनीचा सुरुवातीचा भाग बनते. सहावीतून फुप्फुसाची धमनी घडते. यातलं काय टिकायचं आणि काय विरायचं हे काही आठवड्यांतच ठरून जातं. विरायचं ते टिकलं किंवा टिकायचं ते विरलं, तर माणूस ती रचना घेऊन जन्मतो, शाळेत जातो, लग्न करतो, शेत नांगरतो. कित्येकांना शेवटपर्यंत काही त्रास होत नाही. काहींना तो विशी-चाळिशीत सुरू होतो आणि तोवर त्यांच्या केसपेपरवर दुसऱ्याच कुठल्या आजाराचं नाव चढलेलं असतं. माझा बराचसा दिवस अशा माणसांमध्ये जातो.

सकाळी ८:३०

सीटीच्या यादीत पहिलं नाव चोवीस वर्षांच्या मुलाचं आहे. कराडच्या बाजूचं गाव, पोलीस भरतीची तयारी, अकॅडमीत मुक्काम. तिथल्या आरोग्य शिबिरात बीपी जास्त निघालं म्हणून त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी केसपेपरवर लिहिलंय: उजवा हात १७६/९८, डावा हात १७०/९६, पायाचं वरचं बीपी १०४, जांघेतली नाडी क्षीण आणि उशिरा, कोआर्क्टेशन वाटतं, सीटी करावा.

ही चिठ्ठी वाचून मला मनापासून आनंद झाला. तरुण वयात बीपी वाढलेले रुग्ण आमच्याकडे येतात ते किडनीची सोनोग्राफी, थायरॉईडची तपासणी, तीन-तीन गोळ्या, “टेन्शन घेऊ नको” असा सल्ला हे सगळं उरकून. पायाचं बीपी कोणी घेतलं का, असं विचारलं की नातेवाईक एकमेकांकडे बघतात. एरवी पायाचं वरचं बीपी हाताच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्तच भरतं. ते वीसने कमी आलं तरी थांबून विचार करायचा. इथे तर सत्तरहून जास्त फरक आहे.

तो टेबलावर आडवा झाल्यावर मी रेसिडेंट मुलीचा हात धरून दाखवते. डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या उजव्या मनगटावर, उजव्या हाताची जांघेत. डोळे मीट आणि दोन्हीकडे एकदम लक्ष दे. मनगटात ठोका दणकट येतो. जांघेत तो मागून येतो, उशिरा आणि पुसट. निरोगी माणसात दोन्ही जवळजवळ एकाच वेळी लागतात. तिने तीन-चार वेळा बोटं हलवून पाहिलं, मग तिचा चेहरा बदलला. “कळलं, मॅडम.” यासाठी यंत्र लागत नाही, एक मिनिट लागतं.

मी त्याला विचारलं, “पळताना काय होतं रे?”

“सोळाशे मीटरला शेवटच्या फेरीत पोटऱ्या भरून येतात, मॅडम. पाय उचलतच नाहीत. गोळाफेकीत मात्र अकॅडमीत माझाच नंबर पहिला.”

त्याचे खांदे आणि दंड भरलेले आहेत, पोटऱ्या मात्र त्या मानाने बारीक. अकॅडमीतले सर म्हणायचे, पायांचा व्यायाम कमी पडतोय. व्यायाम कमी पडत नव्हता, पायांना रक्तच कमी पडत होतं. डाव्या हाताची फांदी सुटल्यानंतर लगेच महाधमनी अरुंद असली, म्हणजेच कोआर्क्टेशन असलं, की वरच्या अंगाला दाब जास्त आणि खालच्या अंगाला कमी. त्यातून किडनीला वाटतं की रक्त कमी आहे, म्हणून ती आणखी दाब वाढवायला लावते.

त्याच्या वडिलांनी कापडी पिशवीतून दोन वर्षांपूर्वीचा छातीचा एक्स-रे काढला. खोकल्यासाठी काढलेला, पाकिटावर ‘नॉर्मल’ लिहिलेलं. तो व्ह्यू बॉक्सवर लावला. चौथ्यापासून आठव्या बरगडीपर्यंत खालच्या कडेला लहान लहान खाचा दिसतात. अरुंद जागेला वळसा घालून रक्त खाली पोचवण्यासाठी बरगड्यांखालच्या धमन्या वर्षानुवर्षं फुगत जातात, नागमोडी होतात आणि हाडाला घासून खाचा पाडतात. पहिल्या दोन बरगड्या कोऱ्या राहतात, कारण त्यांच्या धमन्या वरच्या फांदीतून येतात, त्या या वळशात सापडत नाहीत. रेसिडेंट मुलांनी आळीपाळीने फिल्मवर बोट फिरवून पाहिलं. एकदा नजर बसली की या खाचा लपत नाहीत.

सीटीच्या वेळी सुई उजव्या हातातच लावायची, हे आमच्या तंत्रज्ञांना आता सांगावं लागत नाही. डाव्या हातातून डाय दिला तर तो आर्चच्या फांद्यांच्या पुढून जाणाऱ्या शिरेत घट्ट साठतो आणि नेमकं बघायचं तिथेच चित्रावर रेघोट्या उमटतात. “अंगात गरम गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, घाबरू नको. श्वास घे, धरून ठेव.” यंत्र काही सेकंदांत उरकतं.

चित्र उलगडायला मात्र वेळ द्यावा लागतो. सर्वांत अरुंद जागा तीन मिलिमीटर. डायफ्रामजवळ महाधमनी एकोणीस मिलिमीटर. छातीच्या हाडामागून उतरणारी इंटर्नल मॅमरी धमनी एरवी दोन-अडीच मिलिमीटर, याची पाच झालीय. आणि महाधमनीच्या दाराशी असलेल्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या. कोआर्क्टेशन असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांत अशी झडप सापडते, त्यामुळे ती मुद्दाम शोधायचीच. अरुंद जागेची लांबी किती, डाव्या हाताच्या फांदीपासून अंतर किती, कमानीचा व्यास किती, हे सगळं रिपोर्टात जातं. स्टेंट टाकणाऱ्याला आकडे हवे असतात, विशेषणं नकोत. शेवटी एक ओळ: मेंदूच्या धमन्यांचा एमआर करावा. कोआर्क्टेशन असलेल्या मोठ्या माणसांमध्ये सुमारे दहा टक्के लोकांच्या मेंदूतल्या धमनीवर फुगा सापडतो.

सकाळी १०:००

गलगंडासाठी उद्या ऑपरेशन ठरलेल्या एका मावशींचा मानेचा सीटी. गाठ छातीत कितपत उतरलीय एवढंच सर्जनना विचारायचं होतं. गाठ उतरलेली नाही. पण उजव्या हाताची धमनी पहिल्या फांदीतून न निघता कमानीच्या अगदी शेवटून, चौथी फांदी म्हणून निघालीय आणि अन्ननलिकेच्या मागून आडवी उजवीकडे गेलीय. शंभरातल्या एखाद्याला असं असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

मी सर्जनना लगेच फोन केला. आवाजाच्या पडद्यांना चालवणारी उजवी नर्व्ह एरवी छातीच्या तोंडापर्यंत उतरते, उजव्या हाताच्या धमनीला खालून वळसा घालते आणि श्वासनलिकेच्या कडेने परत वर चढते. थायरॉईडचा सर्जन तिला तिथेच शोधतो आणि जपतो. ही धमनीच जागेवर नसली तर नर्व्हला अडकायला काही उरत नाही. मग ती मानेतून सरळ आडवी स्वरयंत्राकडे जाते, थायरॉईडच्या रक्तवाहिन्यांना चिकटून. माहीत नसेल तर ती रक्तवाहिनी समजून बांधली जाऊ शकते, कापली जाऊ शकते. आवाज जातो. मावशी शाळेत स्वयंपाक करतात आणि सकाळी मंडळात भजन म्हणतात, हे मला त्यांच्या सुनेने सांगितलं.

सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलंत. उद्या नर्व्हचा मॉनिटर लावतो आणि वरून आडवं शोधत येतो.” रिपोर्ट सिस्टीमवर संध्याकाळी चढला असता, पण आत हात घालणाऱ्याला तो आदल्या दिवशी फोनवर कळायला हवा. आमच्या कामाचा अर्धा भाग हा आहे, असं माझं मत आहे.

मावशींना विचारलं, घास अडकतो का? “भाकरीचा कोरडा घास अडकतो, पाणी प्यावं लागतं. मला वाटलं गाठीनं.” असेल गाठीनंही. अठराव्या शतकात डेव्हिड बेफर्ड या डॉक्टरने आयुष्यभर गिळायला त्रास झालेल्या एका स्त्रीच्या शवविच्छेदनात हीच धमनी अन्ननलिकेवर आडवी आलेली पाहिली आणि लिहून ठेवली. मावशींना तूर्त त्यासाठी काही करायची गरज नाही. वय वाढलं, धमनी कडक झाली आणि त्रास वाढला तर बेरियम गिळवून बघता येईल. त्यांना मी कागदावर चित्र काढून दिलं. पुढे कधी अँजिओग्राफी करायची वेळ आली तर तो कागद दाखवा, म्हणाले.

ते का, याचं उत्तर अकरा वाजता कॅथलॅबमधून आपणहूनच आलं. छातीत दुखणारे साठीचे एक गृहस्थ. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी चाललीय आणि वायर हृदयाकडे न वळता पुन्हा पुन्हा उतरत्या महाधमनीत घसरतेय. कार्डिओलॉजिस्टनी विचारलं, “जुना छातीचा सीटी आहे का यांचा?” आहे, कोविडच्या काळातला. उघडला. तीच धमनी, तोच आडवा रस्ता. त्यांनी उजवी बाजू सोडून डाव्या मनगटातून काम पुरं केलं.

सकाळी ११:३०

आठवड्याची एकत्र बैठक. कार्डिओलॉजिस्ट, छातीचे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि आम्ही. मोठ्या पडद्यावर पहिली केस अडतीस वर्षांच्या बाईंची. पंधरा वर्षं दम्याची औषधं चालू आहेत, इन्हेलरने कधीच पूर्ण आराम नाही. फुंकून करायच्या चाचणीत आलेख वर चढण्याऐवजी सपाट झाला आणि छातीच्या डॉक्टरांना शंका आली. लहान श्वासनळ्या आकसल्यावर आलेख वेगळा दिसतो. हा मोठी नलिका बाहेरून दाबली गेल्याचा आहे.

त्यांची कमान उजवीकडची आहे. हजारात एखाद्याला असं असतं. उजव्या कमानीतून डाव्या हाताची धमनी सर्वांत शेवटी निघून अन्ननलिकेमागून डावीकडे जाते, तिच्या बुडाशी फुगलेला कप्पा आहे आणि डावीकडून गर्भातल्या डक्टस या धमनीचा उरलेला दोर पुढच्या फुप्फुसधमनीला बांधलेला आहे. झालं वर्तुळ पूर्ण. आत श्वासनलिका आणि अन्ननलिका. त्या फुगीर कप्प्याला जर्मन रेडिओलॉजिस्ट कॉमरेल यांचं नाव आहे. १९३६ साली त्यांनी तो बेरियमच्या एक्स-रेवर ओळखला होता, तेही डाव्या कमानीच्या माणसात, म्हणजे आज सकाळच्या मावशींच्या रचनेत.

ऑपरेशन करावं का, यावर बराच वेळ बोलणं चाललं. कप्पा किती मोठा झाला की फाटण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्यापेक्षा जास्त होतो, याबद्दल जगभर एकच आकडा मान्य नाही. कोणी तोंडाचा व्यास तीन सेंटिमीटर धरतं, कोणी समोरच्या भिंतीपासूनचं अंतर पाच ते साडेपाच. या बाईंचा आकडा दोन्हींच्या आत आहे. पण त्यांना जिना चढताना शिट्टीसारखा आवाज येतो, दर पावसाळ्यात न्यूमोनिया होतो. माझं म्हणणं मी मांडलं: इथे फक्त मिलिमीटर मोजून चालणार नाही, श्वास दाबला जातोय हे कारण पुरेसं आहे. सर्जन तयार झाले. दोर कापायचा, कप्पा काढायचा, डाव्या हाताची धमनी मानेच्या धमनीला जोडायची. बाईंशी बोलून तारीख ठरवू.

दुसरी केस सोलापूरकडच्या एकोणतीस वर्षांच्या मुलीची, कोआर्क्टेशन म्हणून पाठवलेली. डाव्या हाताची नाडी नाही, महाधमनी अरुंद. पण अरुंदपणा लांबलचक आहे, भिंत जाड झालीय, मानेची धमनीसुद्धा आकसलीय, ईएसआर वाढलेला. हे जन्मजात नाही. ही टाकायासू आर्टरायटिस, महाधमनीच्या भिंतीची सूज. आपल्याकडच्या तरुण बायकांमध्ये ती बऱ्यापैकी दिसते, म्हणून तरुणीतली प्रत्येक अरुंद महाधमनी जन्मजात समजणं धोक्याचं. धगधगत्या भिंतीत स्टेंट टाकायचा नसतो. आधी सूज शमवायची औषधं. तिची फाईल संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेली.

दुपारी १:३०

डबे उघडेपर्यंत मुलं फळ्यापाशी जमतात. जेसी एडवर्ड्स यांनी १९४८ साली मांडलेली आकृती मी त्यांच्याकडून काढून घेते: पुढून निघालेली महाधमनी, दोन्हीकडे एकेक कमान, मागे दोन्ही एकत्र, मधोमध दोन नलिका. आता डस्टरने एक जागा पुसा. उजवीकडे टोकाची जागा पुसली तर आपली नेहमीची डावी कमान. तीच पुसणी थोडी अलीकडे झाली तर मावशींची धमनी. डावीकडे पुसलं तर उजवी कमान. काहीच पुसलं नाही तर दुहेरी कमान, जी बहुधा तान्ह्या वयातच घरघर करून आपलं अस्तित्व कळवते. तरी क्वचित ती घेऊन चाळिशीला आलेला माणूसही भेटतो. सगळी नावं पाठ करण्यापेक्षा डस्टर कुठे फिरला एवढं सांगता आलं की झालं. मुलं जेवताना एकमेकांना हेच विचारत होती.

दुपारी २:१५

कॅथलॅब. एकतीस वर्षांच्या एक प्राथमिक शिक्षिका. पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं, ते गरोदरपणाचं समजलं गेलं. मूल दोन वर्षांचं झालं तरी ते उतरेना. मग कोआर्क्टेशन सापडलं. त्यांना दुसरं मूल हवंय आणि त्याआधी हे दुरुस्त करणं शहाणपणाचं आहे. अरुंद महाधमनी तशीच ठेवून गरोदर राहिलं तर आईच्या धमनीवर ताण येतो आणि गर्भाला रक्त कमी पडतं. महात्मा फुले योजनेची मंजुरी मागच्या आठवड्यात आली.

१९४४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी छाती उघडून, अरुंद तुकडा कापून, दोन टोकं जोडून ही दुरुस्ती पहिल्यांदा केली. त्याआधी, आणि त्यानंतरही ज्यांना उपचार मिळाले नाहीत, अशांचं सरासरी आयुष्य पस्तिशीच्या आसपास संपत असे. हृदय थकून, महाधमनी फाटून, झडपेला जंतुसंसर्ग होऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन. आज मोठ्या माणसात रचना जुळत असेल तर जांघेतून स्टेंट.

सीटीतले माझे आकडे इथे भिंतीवर लावलेले असतात. अरुंद जागेच्या वर आणि खाली दाब मोजला, फरक ३८. वीस किंवा जास्त असेल तर उपचार हे सर्वमान्य. आवरण असलेला स्टेंट निवडलाय, म्हणजे भिंतीला चीर गेलीच तर रक्त बाहेर झिरपणार नाही. आतला फुगा, बाहेरचा फुगा, असे दोन टप्प्यांत तो उघडतात. बाहेरचा फुगा भरायच्या क्षणी पेसिंगने हृदय काही सेकंद अतिवेगात पळवतात. त्यामुळे रक्ताचा झोत कमी होतो आणि स्टेंट खाली ढकलला जात नाही. “पेसिंग चालू.” मॉनिटरवर दाबाची रेघ आडवी पडली. फुगा भरला. फुगा रिकामा. “पेसिंग बंद.” रेघ उठली. पुन्हा मोजलं, फरक ४.

सिस्टरनी हिरव्या चादरीखाली हात घालून पावलावरची नाडी चाचपली. “लागतेय, सर. चांगली लागतेय.” आजवर ही नाडी त्या बाईंना कधी लागलेलीच नव्हती.

बाहेर त्यांच्या यजमानांनी विचारलं, आता बीपीची गोळी बंद ना? नाही, असं स्पष्ट सांगावं लागतं. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून वरच्या धमन्या कडक झालेल्या असतात. गोळी कमी होईल, कदाचित पुढे बंदही होईल, पण बीपी आयुष्यभर बघायचं आणि दर काही वर्षांनी सीटी किंवा एमआर करून स्टेंटची जागा तपासायची. बरं वाटतंय म्हणून फिरकलेच नाहीत आणि दहा वर्षांनी जोडाच्या जागी फुगा घेऊन आले, असे लोक आहेत. म्हणून मी पुढची तारीख त्यांच्याच मोबाइलमध्ये घालायला लावते.

दुपारी ४:३०

एक्स-रे आणि बाहेरून आलेल्या सीडी. त्यात एक फाईल तातडीची, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ, कॅन्सरची शंका, उद्या सुई घालून तुकडा घ्यायचा. डाय न देता केलेला सीटी. श्वासनलिका डावीकडे ढकललेली दिसते. डावीकडे कमानीची जी गोलाई दिसायला हवी ती नाहीच. खाली-वर सरकवत गेले: गाठ गोल राहत नाही, लांबट होत पुढून मागे जाते आणि उतरत्या महाधमनीला मिळते. ती गाठ नाही, उजवी कमान आहे, नेहमीपेक्षा वर चढलेली.

पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला, सुई थांबवली. डाय देऊन सीटी उद्या इथेच करू. कॅन्सर नाही हे पेशंटच्या मुलाला मी आजच सांगितलं तर चालेल का, असं त्या डॉक्टरांनी विचारलं. आजच सांगा. एक रात्र तरी कशाला काढायची त्यांनी त्या शब्दाखाली.

संध्याकाळी ५:४५

सकाळचा मुलगा आणि त्याचे वडील बाकावर बसून आहेत. कार्डिओलॉजिस्टही आले. पडद्यावर त्याचीच महाधमनी, रंगीत, फिरवून दाखवता येणारी. अरुंद जागा बघून वडिलांनी विचारलं, “जन्मापासून असं होतं? मग शाळेत तपासायला यायचे ते डॉक्टर?” या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. बाजूने वळसा घालणाऱ्या धमन्यांनी काम भागवलं, म्हणून तो धडधाकट दिसत राहिला. पाठीवर स्टेथोस्कोप लावला असता, जांघेत बोट ठेवलं असतं, तर कदाचित कळलं असतं.

मुलाला वेगळंच विचारायचं होतं. “भरतीचं काय?” कार्डिओलॉजिस्ट त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. स्टेंटनंतर चालणं, हलकं पळणं, नोकरी, संसार सगळं जमेल. दात-ओठ खाऊन वजन उचलणं, गोळाफेक, हे बंद. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत काय होईल याची हमी आम्ही देणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलले नाहीत. मलाही त्या वेळी काही बोलावंसं वाटलं नाही. चार वर्षं पहाटे उठून पळणाऱ्या मुलाला “जीव वाचला हेच मोठं” असं सांगणं मला पटत नाही. जीव वाचला हे मोठं आहेच, पण त्याचं जे गेलं तेही मोठं आहे.

थोड्या वेळाने तोच म्हणाला, अकॅडमीत लहान मुलांना गणित शिकवतो, तलाठ्याची परीक्षा देईन म्हणतो. मग कामाचं बोलणं झालं. मेंदूचा एमआर गुरुवारी, स्टेंट त्यानंतर. सख्खा भाऊ आणि बहीण आहे, आई-वडीलही आहेत. दोन पाकळ्यांची झडप घरात आणखी कोणाला असू शकते, म्हणून सगळ्यांची इको तालुक्याला करून घ्यायची.

संध्याकाळी ७:००

घरी निघण्याआधी त्या तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. निदान बरोबर आहे, तुमच्या बोटांनी पकडलं, असं सांगितलं. ते खूश झाले आणि लगेच अडचणीवर आले. मांडीला पुरेल असा मोठा कफ त्यांच्याकडे नाही, त्या मुलाच्या पोटरीवर नेहमीचाच कफ बांधून घोट्याजवळच्या नाडीवर वरचं बीपी मोजलं होतं. चालतं. कफ नीट बसला, माणूस झोपवून घेतलं आणि दोन्ही हातांचं आधी मोजलं तर तेवढ्यावर संशय घेता येतो. उजव्या हाताचं हवंच, कारण डाव्या हाताची फांदी कधी कधी अरुंद जागेतच सापडते आणि तिथलं बीपी खोटं कमी येतं. आणि सकाळच्या मावशींसारखी उलटी रचना असेल तर उजवाही फसवतो; अशा वेळी मानेची नाडी दणकट आणि बाकी सगळ्या बारीक, असं चित्र दिसतं.

त्यांनी हे लिहून घेतलं. मग म्हणाले, “मॅडम, आमच्याकडे एकोणीस वर्षांची एक मुलगी येते. बीपी एकशे साठ. उंची फारच कमी, पाळी अजून आलेली नाही. मी दोन महिने गोळी देतोय.”

टर्नर सिंड्रोम असू शकतं. या मुलींमध्ये कोआर्क्टेशन आणि दोन पाकळ्यांची झडप बऱ्याच जणींना असते. विचारलं, पायाचं घेतलंय का?

“नाही घेतलं. उद्या सकाळी आईला घेऊन बोलावतो.”

दोन्ही हात, दोन्ही पाय, उंची आणि वजन, सगळं मला फोनवर कळवा, क्रिएटिनिन पाठवून द्या. शुक्रवारच्या यादीत साडेनऊची जागा रिकामी आहे, तिथे तिचं नाव घालते.